अ‍ॅलर्जीची गोळी आणि कामगाराची जाग



वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेच्या माणसाला बोलावले, की तो बोनसवर किंवा नव्या कामगार संहितांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते; आणि ती सहसा खरी ठरते. यंदा आम्ही विषय घेतला आहे तो मेडिकलच्या दुकानात चहाच्या किमतीत मिळणाऱ्या एका गोळीचा. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा आमची नववीला सुटली. पुढचे शिक्षण नगरवाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. तेव्हा कोणी कोणती गोळी घ्यावी हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण ह्या गोळीला इतिहास आहे, आणि त्याचे एक टोक आमच्या कारखान्यांच्या रात्रपाळीपर्यंत येऊन पोचते. तेवढे सांगण्याचा अधिकार आम्ही मागून घेतो.

अंगावर पित्त उठले, गांधी आल्या, तर आपल्या घरांत आमसूल भिजवून ते पाणी अंगाला चोळण्याची रीत होती. अजूनही काही घरांत आहे. शिंकांची माळ लागली तर तव्यावर ओवा भाजून त्याची पुरचुंडी हुंगायची. ह्या उपायांनी किती गुण येतो हा वाद बाजूला ठेवू. त्यांनी कोणाला यंत्रावर डुलकी येत नसे, एवढे मात्र खरे. आता त्यांच्या जागी गोळी आली आहे. अ‍ॅव्हिल म्हणा, सेट्रिझिन म्हणा, सर्दीच्या रंगीत गोळीत मिसळलेले क्लोरफेनिरामीन म्हणा. घराण्याचे नाव एकच, अँटिहिस्टामीन, म्हणजे हिस्टामीनला अडवणारे.

हे हिस्टामीन म्हणजे काय, इथून सुरुवात करू. राय नावाच्या धान्याच्या कणसावर एक काळी बुरशी पडते, तिला अर्गट म्हणतात. ह्या अर्गटाचा अभ्यास करताना इंग्लंडमध्ये हेन्री डेल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती हे द्रव्य १९१० च्या सुमारास आले. त्याआधी १९०७ मध्ये ते जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झाले होते, पण त्याचा प्राण्यांच्या शरीरावर काय परिणाम होतो हे कोणी पाहिले नव्हते. डेल आणि पॅट्रिक लेडलॉ ह्यांनी ते पाहिले. ते टोचल्याबरोबर रक्तदाब कोसळतो, गिनीपिगच्या श्वासनलिका आवळतात आणि तो गुदमरतो. परक्या प्रथिनाची वावडी असलेल्या प्राण्याला तेच प्रथिन पुन्हा टोचले तर जसा झटका येतो, तसाच हा झटका होता. पुढे १९२७ मध्ये डेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की हे द्रव्य निरोगी शरीरात मुळातच असते. आपल्या कातडीत, नाकात, फुप्फुसांत ज्या मास्ट पेशी असतात त्यांच्या कोठारात ते भरलेले असते. परागकण, धूळ, एखादे औषध, कोळंबी, ज्याला ज्याचे वावडे असेल ते अंगी लागले की कोठाराची दारे उघडतात. मग खाज, सूज, शिंका, डोळ्यांना पाणी.

मग ह्या हिस्टामीनला अडवणारे काही सापडेल काय? पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एर्नेस्ट फूर्नो ह्यांच्या प्रयोगशाळेत डॅनिएल बोव्हे आणि आन-मारी स्टॉब ह्यांनी १९३७ मध्ये असे पहिले द्रव्य दाखवले. हिस्टामीनच्या मारक मात्रेतूनही त्याने गिनीपिग वाचवले. पण ते द्रव्यच इतके विषारी होते, की माणसाला देण्याची सोय नव्हती. म्हणजे ह्या घराण्याच्या पहिल्या अपत्याबरोबरच दुष्परिणामाचा प्रश्न जन्मला. माणसाला देण्याजोगे पहिले औषध, अँटेर्गान, बर्नार हाल्पर्न ह्यांनी १९४२ मध्ये पुढे आणले, आणि १९४४ मध्ये बोव्हे ह्यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती दिली. बोव्हे ह्यांना १९५७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यात ह्या कामाचा मोठा वाटा होता. आन-मारी स्टॉब ह्यांचे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही. कामाच्या जागी हे नेहमी घडते, ते आम्हांला नवे नाही.

इकडे अमेरिकेत सिनसिनाटी येथे जॉर्ज रीव्हशल हा तरुण रसायनज्ञ स्नायूंचा आवळा सोडवणारे औषध शोधत होता. १९४३ मध्ये त्याच्या हाती लागले ते डायफेनहायड्रामीन, म्हणजेच पुढे जगभर गाजलेले बेनाड्रिल. १९४६ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवर ते तिकडच्या बाजारात आले. रोग्यांना गुण आला. आणि त्याच रोग्यांनी सांगितले, की गोळी घेतल्यावर डोळे मिटतात.

इथे जरा थांबले पाहिजे. ही झोप मागाहून कोणा संशोधकाने शोधून काढलेली नाही, ती पहिल्या दिवसापासून माहीत होती. प्रश्न होता तिला काय म्हणायचे एवढाच. इंग्रजीत अशा गोष्टीला 'साइड इफेक्ट', बाजूचा परिणाम, म्हणतात. मराठीत आपण दुष्परिणाम म्हणतो. आमच्या मते दोन्ही शब्द अपुरे आहेत. औषधाला बाजू आणि मध्य हे माहीतच नसते. ते शरीरात जाते आणि जिथे जिथे त्याची किल्ली लागते तिथे तिथे कुलूप फिरवते. त्यातले कोणते काम मुख्य आणि कोणते बाजूचे हे माणूस ठरवतो, आणि कधीकधी बाजार ठरवतो.

ह्याचे दाखले त्याच दशकात मिळतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये १९४७ मध्ये अंगावर पित्त उठणाऱ्या एका बाईला डायफेनहायड्रामीनचे एक मिश्रण दिले गेले. झोप थोडी कमी यावी म्हणून त्यात चहा-कॉफीतल्या उत्तेजक द्रव्याच्या जातीचे एक रसायन जोडले होते. बाईने येऊन सांगितले, की तिला ट्रॅममध्ये जो मळमळण्याचा त्रास होई तो थांबला! पुढच्याच वर्षी अमेरिकी सैनिकांना युरोपात नेणाऱ्या जहाजावर ह्या औषधाची चाचणी झाली आणि बोट लागण्यावरचे औषध म्हणून ते प्रसिद्ध झाले. आज घाटात गाडी लागू नये म्हणून आपण मुलांना जी गोळी देतो ती बहुधा ह्याच गोतावळ्यातली असते.

दुसरा दाखला ह्याहून मोठा आहे. फ्रान्समध्ये प्रोमेथाझीन नावाचे एक अँटिहिस्टामीन होते. त्याने फार गुंगी येई. आंरी लाबोरी ह्या शल्यवैद्याने शस्त्रक्रियेच्या रोग्यांना ते देऊन पाहिले, तेव्हा ते रोगी आश्चर्य वाटावे इतके शांत राहिले. ही शांतताच वाढवता येईल काय, असा विचार सुरू झाला, आणि डिसेंबर १९५० मध्ये पोल शार्पांतिये ह्यांनी क्लोरप्रोमाझीन तयार केले. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात डेले आणि डेनिकेर ह्यांनी ते मनोरुग्णांना दिले, आणि वेड्यांच्या इस्पितळांचा इतिहास बदलला. पित्ताच्या गोळीतल्या नको असलेल्या झोपेचा माग काढत काढत मानसोपचाराचे पहिले मोठे औषध हाती आले. इतिहासाची वाट अशीच असते, सरळ रस्त्याने ती क्वचितच जाते.

पण बाजाराची वाट निराळी. १९४९–५० मध्ये अमेरिकेत अँटिहिस्टामीनने सर्दी बरी होते, किंबहुना सुरुवातीलाच घेतले तर सर्दी मोडते, अशी हाकाटी उठली. चिठ्ठीवाचून विक्रीला परवानगी मिळाली, जाहिरातींचा पाऊस पडला, गोळ्या पोत्यांनी खपल्या. १९५० मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने चाचणी घेतली. काही रोग्यांना औषध, काहींना तशाच दिसणाऱ्या निर्जीव गोळ्या, आणि कोणाला काय मिळाले हे कोणालाच ठाऊक नाही, असा बंदोबस्त. बरे होणाऱ्यांचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखे निघाले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या व्यापार आयोगाने ह्या जाहिरातींविरुद्ध कारवाई सुरू केली. सर्दीचे कारण विषाणू. त्याला ही गोळी हात लावत नाही, फार तर वाहते नाक थोडे सुकवते. पंच्याहत्तर वर्षे उलटली, तरी आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात सर्दी म्हटले की हेच औषध पुढे येते. आमचे म्हणणे इतकेच, की ज्याचा फायदा थोडा त्याच्या तोट्याचा हिशेब जास्त कसून मागायला हवा.

आता झोप का येते ते पाहू. पूर्वी समज असा होता, की औषधाने मेंदू जरासा मंद होतो, एवढेच. पुढे कळले, की हिस्टामीन केवळ खाजेचे द्रव्य नव्हे. मेंदूच्या तळाशी काही मज्जापेशींचा एक पुंजका आहे. तो हिस्टामीनच्या मार्फत साऱ्या मेंदूला जागे ठेवण्याचा निरोप पाठवत असतो. १९८४ मध्ये त्या पेशींचा नकाशाच मांडला गेला. जुन्या गोळ्या मेंदूत सहज शिरतात आणि हा निरोप वाटेतच अडवतात. म्हणजे ती गोळी मेंदूतल्या पहारेकऱ्याचा कंदील काढून घेते. शिवाय ह्या जुन्या गोळ्या आणखी एका निरोप्याला अडवतात, त्याचे नाव अ‍ॅसिटिलकोलीन. त्यामुळे तोंडाला कोरड पडते, नजर अंधुक होते, शौचाला कडक होते. ज्या वृद्धाची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली आहे त्याची लघवी एकाएकी तुंबू शकते. काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातला दाब वाढू शकतो. म्हाताऱ्या माणसाला भ्रम होतो, रात्री उठताना तोल जातो, आणि घरचे म्हणतात आजोबांना चळ लागला. अमेरिकेत १९९१ पासून वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची एक यादी आहे. जुन्या अँटिहिस्टामीनांचा तीत समावेश आहे. २०१५ मध्ये सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी पासष्टीपुढच्या सुमारे साडेतीन हजार माणसांचा अभ्यास छापला. त्यात अशा प्रकारची औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश अधिक आढळला. औषधानेच तो झाला असे त्यातून सिद्ध होत नाही, पण वर्षानुवर्षे रोज रात्री एक गोळी घेणाऱ्याने डॉक्टरांशी एकदा बोलावे इतके त्यात नक्की आहे. लहान मुलांची गोष्ट उलटी. काही मुले झोपण्याऐवजी बेफाम होतात, आणि मात्रा जास्त झाली तर आकडी येण्यापर्यंत पाळी जाते. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी आदेश काढला, की क्लोरफेनिरामीन व फेनिलएफ्रिन ह्यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असे वेष्टनावर छापावे. घरात खोकल्या-सर्दीची बाटली असेल तर आज परतल्यावर ती उलटून पाहा.

झोप न आणणारी गोळी शोधण्याचा प्रयत्न झाला नाही काय? झाला, आणि त्याची कथा मोठी बोधक आहे. मेंदूत न शिरणारे टर्फेनाडीन १९८५ मध्ये अमेरिकेत आले आणि अफाट खपले. सगळ्यांना वाटले, प्रश्न सुटला. १९९० मध्ये डॉक्टरांनी एका बाईची हकीकत छापली. ती टर्फेनाडीन घेत होती आणि त्याच वेळी बुरशीच्या रोगावरचे केटोकोनाझोलही घेत होती. तिच्या हृदयाचे ठोके जीवघेणे अनियमित झाले. कारण असे निघाले, की निरोगी माणसाचे यकृत ह्या औषधाचे तत्काळ दुसऱ्या द्रव्यात रूपांतर करते. मूळ औषध रक्तात जवळजवळ पोचतच नाही. केटोकोनाझोल किंवा एरिथ्रोमायसिन यकृताचे ते काम अडवते. मग मूळ द्रव्य रक्तात साचते आणि हृदयाच्या पेशींतला पोटॅशियमचा मार्ग रोखते. अमेरिकी शासनाने १९९२ मध्ये ठळक चौकटीत इशारा छापायला लावला. गंमत अशी, की अ‍ॅलर्जीवर खरे काम करणारे होते ते यकृताने बनवलेले दुसरे द्रव्यच! तेच फेक्सोफेनाडीन ह्या नावाने १९९६ मध्ये स्वतंत्र औषध म्हणून मान्य झाले, आणि १९९८ च्या सुरुवातीला टर्फेनाडीन तिथल्या बाजारातून गेले. त्याच जातीचे अस्टेमिझोल १९९९ मध्ये गेले. भारतात ह्या दोन्हींवर बंदी आली ती मार्च २००३ मधल्या अधिसूचनेने. मधल्या चार-पाच वर्षांत आपल्या दुकानांत ती मिळत राहिली, ह्याची नोंद आम्ही इथे करून ठेवतो.

आजच्या गोळ्यांत फेक्सोफेनाडीन आणि लोराटाडीन ह्यांनी झोप फारच थोड्यांना येते. सेट्रिझिन नव्या पिढीत मोजतात खरे, पण त्याने बऱ्याच जणांना सुस्ती येते. शिवाय मे २०२५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने आणखी एक गोष्ट कळवली. सेट्रिझिन किंवा लेव्होसेट्रिझिन दीर्घकाळ रोज घेऊन एकदम थांबवल्यास क्वचित काही जणांना भयंकर खाज सुटते. खाजेवरची गोळी सोडल्याने खाज!

आता आमच्या अंगणात येतो. आयोवा विद्यापीठात गाडी चालवण्याचे एक नकली यंत्र आहे. त्यावर बसवून चाळीस माणसांची परीक्षा घेतली गेली आणि ती २००० मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्येकाला वेगवेगळ्या वेळी डायफेनहायड्रामीन, फेक्सोफेनाडीन, दारू आणि निर्जीव गोळी दिली. डायफेनहायड्रामीन घेतलेल्यांनी दारू प्यालेल्यांपेक्षाही वाईट गाडी हाकली. आणि ह्याहून महत्त्वाचे असे, की 'तुम्हांला झोप येते आहे काय' ह्या प्रश्नाच्या उत्तरावरून कोण वाईट हाकणार हे नीट ओळखता येत नव्हते. ज्याचा हात मंदावला आहे त्याला ते कळत नाही. म्हणून 'मला काही होत नाही, मी रोज घेतो', हे उत्तर आम्ही सभासदाकडून ऐकतो तेव्हा ते खोटे नसते, परंतु पुरेसेही नसते. क्लोरफेनिरामीनसारखे औषध अर्धे उतरायलाच जवळजवळ एक दिवस लागतो. रात्री घेतलेली गोळी सकाळच्या पाळीला माणसाबरोबर गेटातून आत येते. अमेरिकेत विमान अपघातांत मेलेल्या वैमानिकांच्या तपासण्यांचा अहवाल २०१४ मध्ये निघाला. सावधपणा घटवणाऱ्या औषधांत सर्वांत वारंवार सापडले ते डायफेनहायड्रामीनच. वैमानिकाला ह्या गोळ्यांबद्दल नियम आहेत. पॉवर प्रेसवर मिनिटाला कित्येकदा डायखाली हात घालणाऱ्या पोराला कोणीच काही सांगितलेले नसते.

अशा एका पोराचे प्रकरण आमच्याकडे आले होते. कूलंटच्या तेलाने हाताला खाज, त्यावर मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या, तिसरी पाळी, आणि पहाटे प्रेसखाली दोन बोटांची पेरे गेली. दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक बटण उत्पादन वाढावे म्हणून कायमचे दाबून बांधलेले होते. गार्ड काढून कोपऱ्यात ठेवला होता. चार्जशीट आली ती 'कामावर असताना झोपणे व निष्काळजीपणा' अशी. चौकशीत बचाव प्रतिनिधी म्हणून आम्ही बसलो होतो. व्यवस्थापनाच्या माणसाने विचारले, औषध कोणते घेतले होते? पोराने निरागसपणे खिशातून स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली. त्या क्षणापासून बांधलेल्या बटणाविषयी त्या खोलीत कोणी बोलेना. सारे गोळीविषयी बोलू लागले.

ही खरी अडचण आहे, आणि ती श्रोत्यांपुढे ठेवावी म्हणून आम्ही हा विषय घेतला. दुष्परिणामाचे ज्ञान कामगाराला दिले नाही तर त्याची बोटे जातात. दिले, तर तेच ज्ञान मालकाच्या वकिलाच्या हाती हत्यार होते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात एक अपवाद होता. कामगार दारूच्या किंवा 'ड्रग्ज'च्या अमलाखाली असल्यामुळेच थेट अपघात झाला, आणि त्यातून मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले नाही, तर मालक भरपाईला बांधील नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो अपवाद उतरला आहे. दोन बोटे जाणे म्हणजे संपूर्ण अपंगत्व नव्हे. म्हणजे नेमका असाच जखमी ह्या अपवादाच्या तोंडी येतो. १९२३ मध्ये ते शब्द लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अफू-गांजा असेल. अँटिहिस्टामीन तर तेव्हा जन्मलेच नव्हते. पण 'ड्रग' म्हणजे औषधही आणि अंमली पदार्थही, आणि हा दुहेरी अर्थ कोणत्या बाजूने वाचायचा ह्यावर ई.एस.आय. नसलेल्या लहान वर्कशॉपातल्या माणसाची भरपाई टांगलेली राहते. आमची भूमिका अशी, की अंगाला खाज आणणारे तेल कारखान्याचे, रात्रपाळी कारखान्याची, गार्ड काढणारा हात कारखान्याचा. तेव्हा खाजेवरची गोळी तेवढी कामगाराची खासगी बाब ठरत नाही.

ह्यावर आम्ही गेट-सभांत एवढेच सांगतो. डॉक्टरांपुढे बसल्यावर आजार सांगण्याआधी काम सांगा: 'मी प्रेसवर आहे', 'मी ट्रक चालवतो', 'मी उंचावर चढतो'. डॉक्टर चांगला असेल तर तो निराळी गोळी लिहितो. आता त्या गोळ्याही फार महाग राहिलेल्या नाहीत. जुनीच गोळी घ्यावी लागली तर तिच्यावर दारू नको, आणि काही दिवस यंत्रावरून हलके काम मागा. मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. ती पोच चौकशीच्या टेबलावर स्ट्रिपच्या आधी पडली पाहिजे.

राहता राहिली वेष्टनाची गोष्ट. १९४५ च्या औषध नियमांतील 'जी' परिशिष्टात जुन्या अँटिहिस्टामीनांची नावे आहेत. वैद्यकीय देखरेखीवाचून हे औषध घेणे धोक्याचे, अशी सूचना त्यांच्यावर छापणे बंधनकारक आहे. ती छापलेली असते, बारीक इंग्रजी अक्षरांत. आणि दुकानदार कात्रीने स्ट्रिपमधून दोन गोळ्या कापून देतो तेव्हा नाव एका तुकड्यावर जाते, तारीख दुसऱ्यावर, आणि सूचनेचा तुकडा बहुधा दुकानातच राहतो. आमच्या काही सभासदांनी आता अख्खी स्ट्रिप पाहिल्याशिवाय गोळी न घेण्याचा परिपाठ ठेवला आहे. दुकानदार कुरकुरतात, मागे रांग वाढते, पण ती स्ट्रिप ते दाखवतात.